पळणाऱ्याची शिदोरी: १६०० मीटरपासून ४२ किलोमीटरपर्यंत काय, किती, केव्हा खायचं

पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दोन तऱ्हेचे लोक पळताना दिसतात. बहुतेक भरतीचे. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, वनरक्षकाला ५ आणि ३ किलोमीटर. उरलेले हौशी: तालुक्याच्या गावचे मास्तर, कृषी केंद्रवाले, दोन-चार शेतकरी. हे हिवाळ्यात नागपूर, अमरावती, चंद्रपूरला जाऊन १० किंवा २१ किलोमीटर पळून येतात. खाण्याच्या बाबतीत दोघंही चुकतात, फक्त उलट्या दिशेने. भरतीचा पोट्टा १६०० मीटरसाठी २१ किलोमीटरवाल्यासारखं खातो, आणि २१ किलोमीटरवाला भरतीवाल्यासारखा उपाशी पळतो.

आपल्याकडे २६ जानेवारीच्या ३ किलोमीटरच्या पळापळीलाही ‘मॅरेथॉन’ म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि हाफ २१.०९७५ ची. म्हणून खाणं शर्यतीच्या नावावरून ठरवू नका, तुम्हाला लागणाऱ्या वेळेवरून ठरवा. सहा मिनिटांच्या धावेचा हिशेब वेगळा, सव्वा तासाचा वेगळा, पाच तासांचा त्याहून वेगळा.

भरतीवाल्यांसाठी, थोडक्यात

१६०० मीटर पळायला पाच-सहा मिनिटं लागतात. एवढ्यासाठी लागणारी साखर पायांच्या स्नायूंत आधीच असते आणि त्यातली थोडीशीच वापरली जाते. मैदानावर उभं राहून मूठभर ग्लुकोज पावडर तोंडात टाकल्याने पाय वेगाने चालत नाहीत. ती पोटात पोचून रक्तात उतरेपर्यंत तुमची धाव संपलेली असते.

खरी अडचण वेगळीच आहे. आदल्या रात्री एसटीने प्रवास, स्टँडवर किंवा ओट्यावर झोप, पहाटे चारपासून रांग आणि नंबर लागतो साडेनऊला. रात्री आठला आलूबोंडा खाल्लेला पोट्टा साडेतेरा तास उपाशी राहून पळतो. रात्रभर मेंदू यकृतातली साखर वापरत असतो, सकाळपर्यंत तो साठा बराच उतरतो. मग धाव सुरू व्हायच्या आधीच डोकं हलकं होतं आणि हात थरथरतात.

त्यामुळे दोन केळी, एक ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. उठल्यावर एक केळ आणि तीन-चार बिस्किटं. रांगेत दर दीड तासाला अर्धं केळ किंवा दोन बिस्किटं आणि चार घोट पाणी. नंबर लागायच्या आधीच्या तासाभरात काही खाऊ नका. गोड खाऊन ३० ते ६० मिनिटांनी काहींच्या रक्तातली साखर उलट खाली येते, कारण साखर आली म्हणून इन्शुलिन वाढलेलं असतं आणि त्याच वेळी स्नायूही साखर ओढू लागतात. सगळ्यांना हा त्रास होत नाही, पण तुम्हाला होतो की नाही याचा शोध भरतीच्या दिवशी लावण्यात अर्थ नाही.

५ किलोमीटरलाही हेच. १० किलोमीटर तासाच्या आत पळत असाल तर वाटेत खायची गरज नाही, पाण्याचे घोट पुरतात. एक गंमत मात्र खरी आहे: तासाभराच्या जोरकस धावेत गोड पाणी तोंडात पाच-दहा सेकंद खेळवून थुंकून टाकलं, तरी काहींचा वेग थोडा टिकतो. साखर पोटात जातच नाही. ती आल्याची खबर तोंडातून मेंदूला लागते, तेवढ्याने काम होतं.

टाकी केवढी आणि जळतं काय

आता लांब अंतराकडे. चुलीत पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) घातल्या की लगेच जाळ होतो, पण हातचं काम सोडून सारखं घालत बसावं लागतं. बाभळीचं ओंडकं रात्रभर धुमसतं, पण त्यावर झटपट भाकर होत नाही. शरीरातही दोन्ही आहेत. पऱ्हाट्या म्हणजे कर्बोदकं, पळणारे ज्याला ‘कार्ब’ म्हणतात ती. भात, पोळी, पोहे, साखर, गूळ, केळ. ओंडकं म्हणजे चरबी. सडपातळ माणसाच्या अंगातही दिवसचे दिवस पुरेल एवढी चरबी असते, पण ती सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर कार्बवर येतं.

कार्बचा साठा ग्लायकोजेन या रूपात असतो: स्नायूंत मिळून साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १००. एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, म्हणजे टाकी भरलेली असेल तर सुमारे २००० कॅलरी. यात मेख अशी की दंडातलं ग्लायकोजेन पायाला उसनं मिळत नाही. ज्या स्नायूत आहे, त्यानेच ते वापरायचं. वाटून देण्याचं काम फक्त यकृत करतं.

खर्चाचा ढोबळ हिशेब सोपा आहे: एका किलो वजनाला एका किलोमीटरला एक कॅलरी. ६० किलोच्या माणसाला २१ किलोमीटरला सुमारे १२६० कॅलरी लागतात. शर्यतीच्या वेगाला त्यातल्या हजारेक कार्बमधून येतात, म्हणजे २५० ग्रॅम. टाकी भरून निघालात तर हाफ जेमतेम निभते, थोडी वरची भर घातली तर आरामात. ४२ किलोमीटरला २५०० च्या पुढे. त्यातला ७० टक्के वाटा कार्बचा धरला तरी ४४० ग्रॅम होतात आणि पायांत तेवढं नसतंच. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे गाडी रिझर्वला येते ती इथे. रिझर्वला आल्यावर पाय शिसाचे होतात, किलोमीटरमागे दीड-दोन मिनिटं वाढतात, आणि माणूस विनाकारण रडवेला किंवा चिडका होतो, कारण मेंदूलाही साखर कमी पडत असते.

पहिले ५ किलोमीटर गर्दीच्या नादात जोरात काढले की कार्बचा वाटा आणखी वाढतो. म्हणून शेवटी कोसळणारे अनेक जण खाण्यात चुकलेले नसतात, सुरुवातीच्या वेगात चुकलेले असतात. ती चूक गुळाने भरून निघत नाही.

दोन दिवस आधी

४२ साठी शेवटचे ३६ ते ४८ तास टाकी भरायची असते. वजनाच्या किलोमागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम कार्ब. ६० किलोच्या माणसाला साधारण ५४० ग्रॅम. ताटात ते असं दिसतं: दिवसभरात मिळून ३०० ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात (२३५ ग्रॅम), १०० ग्रॅम पोहे (७५), चार पातळ पोळ्या (८०), चार केळी (९०), चहा-सरबतातून ६० ग्रॅम साखर-गूळ. दोन जेवणांत हे बसत नाही, पाच-सहा वेळा खावं लागतं. पोटात जागा व्हावी म्हणून वरण पातळ आणि थोडं, तेल-तूप नावाला, भाजी चवीपुरती.

इथे पूर्व विदर्भाचं फावतं. भंडारा-गोंदियाकडे तिन्ही त्रिकाळ भात, त्यामुळे वेगळं काही करावंच लागत नाही. अकोला-यवतमाळकडे ज्वारीची भाकर, आणि एरवी ती उत्तमच आहे. पण तिच्यात तंतू जास्त, पोट लवकर भरतं आणि आतड्यात मालही जास्त उरतो. शेवटचा दीड दिवस भाकरीला सुट्टी द्या. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ यांनाही. हे सगळं शर्यतीनंतर सोमवारपासून पुन्हा ताटात यावं.

काटा या दोन दिवसांत एक-दीड किलोने वर जातो. घाबरायचं कारण नाही. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं आणि पळताना तेच पाणी मोकळं होतं.

हाफसाठी एवढा खटाटोप नको. आदला एक दिवस नेहमीपेक्षा दीडपट भात आणि शेवटचे दोन-तीन दिवस कमी पळणं, बस. न पळता नेहमीसारखं जेवलात तरी टाकी बरीच भरते.

‘उद्या पळायचं आहे, आज दाबून जेव’ म्हणून सावजीचं मटण किंवा रोडगे-वांग्याची भाजी-वरण असा बेत आखला जातो. मटणात कार्ब जवळपास शून्य, रोडग्यावर तुपाची धार, आणि दोन्ही रात्रभर पोटात बसून राहतात. आदल्या रात्रीचं जेवण सात-साडेसातला, साधा वरणभात किंवा मुगाची पातळ खिचडी, थोडं दही. बस्स. दुपारचं जेवण मोठं ठेवा, रात्रीचं लहान.

शर्यतीची पहाट

सुटण्याची वेळ साडेपाच असेल तर तीनला उठावं लागतं. कंटाळा येतो, पण सकाळचं खाणं मुख्यतः यकृतासाठी असतं. स्नायूंची टाकी झोपेत उतरत नाही, यकृताची उतरते. दोन ते अडीच तास आधी किलोमागे एक ते दीड ग्रॅम कार्ब घ्या. ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. ६० ग्रॅम कोरडे पोहे भिजवून, चमचाभर तेलात हळद-मीठ-साखर घालून परतलेले (४६ ग्रॅम), सोबत एक केळ (सुमारे २३) आणि दोन चमचे साखरेचा चहा (१०). कांदा, शेंगदाणे, तर्री, मिरची काही नाही. पोहे बेचव लागतील, तेच बरोबर.

चालणाऱ्या इतर गोष्टी: गूळ लावलेल्या दोन-तीन पोळ्या, गोड मऊ भात, जॅम लावलेला पांढरा ब्रेड. दूध पचत असेल तर दूध-पोहे. साबुदाण्याची खिचडी मात्र फसवते. साबुदाणा स्वतः जवळजवळ शुद्ध कार्ब आहे, पण आपल्या खिचडीत फल्लीदाण्याचा कूट आणि तूप इतकं असतं की ती पोटात तीन-चार तास राहते. शर्यत चतुर्थीला आली तर उकडलेलं रताळं, केळी आणि गोड साबुदाणा पेज जास्त सोयीची.

पाणी: उठल्यावर ते सुटायच्या दीड तास आधीपर्यंत ४०० ते ५०० मिली, मग लघवी होऊ द्या, शेवटी दोन घोट. चहा उठल्याबरोबर घ्या. पोट साफ व्हायला त्याची मदत होते आणि ते घरी झालेलं बरं.

वाटेत

सव्वा तासाच्या पुढच्या धावेत वाटेत कार्ब घेण्याचा फायदा दिसू लागतो. अडीच तासांपर्यंत तासाला ३० ते ६० ग्रॅम, त्यापुढे सराव असेल तर ९० पर्यंत. ही वरची मर्यादा आतड्याची आहे. ग्लुकोजला आतड्यातून रक्तात जायला एक दार आहे, त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच जातं. फळातल्या साखरेला, म्हणजे फ्रुक्टोजला, दुसरं दार आहे. दोन्ही एकत्र घेतले तर दोन्ही दारं चालतात. नुसती ग्लुकोज पावडर जास्त ओतली तर उरलेली आतड्यात पडून राहते, पाणी ओढते आणि पळणारा झाडी शोधतो.

आपली साधी साखर म्हणजे अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज. गूळ मुख्यतः तीच साखर. जी दोन दारांची जोडी जेलची (पळताना चोखायच्या दाट गोड पाकाची) पाकिटं मोठ्या अक्षरांत छापून विकतात, ती कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक किराणा दुकानात सुटी मिळते. एका जेलच्या पैशात किलोभर गूळ येतो. जेल वाईट नाही, सोयीचं आहे. पण ते नाही म्हणून शर्यत अडत नाही.

गुळाचा पाक घरी असा करा. १०० ग्रॅम गूळ किसून ५० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा. एक उकळी आली की गाळा, कारण गुळात काडी-कचरा असतोच. पुन्हा भांड्यात घेऊन चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून दोन मिनिटं उकळा. लिंबाच्या आंबटपणामुळे साखरेचे खडे धरत नाहीत. पाक बोटाला तार धरेपर्यंत नेऊ नका, नाहीतर थंडीत बाटलीतून बाहेरच येत नाही. मधापेक्षा पातळ हवा. साधारण १०० मिली होतो. खोकल्याच्या औषधाची प्लास्टिकची बाटली गरम पाण्याने दोनदा धुऊन, वाळवून त्यात भरा. बाहेरून पेनाने चार समान रेघा मारा. एक रेघ म्हणजे सुमारे २२ ग्रॅम कार्ब. आदल्या दिवशी करा आणि दोन दिवसांत संपवा.

दोन तासांच्या हाफसाठी पहिली रेघ ४० ते ४५ व्या मिनिटाला, दुसरी ७५ ते ८० व्या मिनिटाला. साडेचार तासांच्या मॅरेथॉनला ३० व्या मिनिटापासून दर अर्ध्या तासाला एक. चौथ्या तासापर्यंत आठ रेघा, म्हणजे दोन बाटल्या, तासाला साधारण ४५ ग्रॅम. प्रत्येक रेघेवर १०० ते १५० मिली साधं पाणी, म्हणून पाण्याचा टेबल समोर दिसला की आधी पाक घ्या, मग पाणी. पाकावर गोड सरबत पिऊ नका. फार दाट साखर पोटात पडली की शरीर ती पातळ करायला आतड्यात पाणी सोडतं, मग मळमळ आणि पोटात गुडगुड.

भूक लागेपर्यंत किंवा पाय जड होईपर्यंत थांबू नका. खाल्लेलं रक्तात पोचायला १५ ते २० मिनिटं लागतात, आणि रिझर्वला आलेली गाडी चालत्या रस्त्यावर पूर्ण भरत नाही.

पाक नको असेल तर बिया काढलेले चार लहान खजूर म्हणजे साधारण २४ ग्रॅम. लाळ कमी असते, चघळायला वेळ लागतो, म्हणून एकेक गालात धरा. केळ अर्धं म्हणजे ११-१२ ग्रॅम. तोंडात घेतल्यावर वीस पावलं चाला, धापा टाकत गिळलं तर ठसका लागतो. वरुड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडच्या पट्ट्यात शर्यत असेल तर टेबलावर संत्र्याच्या फोडी असणारच. तोंडाला बरं वाटतं, पण अख्ख्या संत्र्यात १२ ते १५ ग्रॅमच कार्ब. चार फोडींवर भिस्त ठेवू नका. फल्लीची चिक्की पळताना नको. अर्ध्याहून जास्त दाणेच, म्हणजे तेल, पोटात दगडासारखी बसते.

गावाकडच्या आयोजकांच्या टेबलावर केळी पुढच्या शंभर-दीडशे जणांत संपतात. मागून येणाऱ्याला साली दिसतात. आपली शिदोरी आपल्या खिशात.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: यातलं काहीही पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी करायचं नाही. पळताना आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होऊन पायांकडे वळतं, उन्हात तर कातडीकडेही. त्या अवस्थेत पचवण्याचा आतड्याला सराव लागतो आणि तो सहा-आठ आठवड्यांत होतो. रविवारच्या लांब पळण्यात पाक घ्या. सुरुवातीला तासाला एक रेघ, मग पाऊण तासाला, मग अर्ध्या तासाला. शेवटच्या दोन लांब धावांत शर्यतीचाच नाश्ता, शर्यतीचीच वेळ, खिशात तीच बाटली. बाटली मांडीला घासते का, झाकण घामट हाताने उघडतं का, हेही तेव्हाच कळतं.

पाणी, मीठ आणि वजनकाटा

किती पाणी प्यायचं याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. घाम माणसागणिक दुप्पट-तिप्पट कमीजास्त असतो. तो मोजता येतो. लांब पळण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. घरी काटा नसेल तर गावातला सोयाबीन-कापूस खरेदीचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, फक्त शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. समजा निघताना ६०.० किलो, ७५ मिनिटांनी ५८.९, आणि वाटेत ३०० मिली प्यायलात. १.१ अधिक ०.३ म्हणजे १.४ लिटर घाम, तासाला सुमारे १.१ लिटर. हीच मोजणी डिसेंबरात आणि मार्चअखेर, दोन्हीदा करून वहीत लिहा. आकडे पाहून आश्चर्य वाटेल.

जेवढा घाम तेवढं सगळं वाटेत भरून काढायचं नसतं. पोटातून तेवढं उतरतही नाही. वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते. तासाला ४०० ते ८०० मिलीच्या दरम्यान, तहान लागेल तसं. थंडीत कमी, उन्हात वरच्या टोकाला.

गोड-खारट पाणी करायचं तर एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ आणि एक लिंबू. अर्ध्या लिटरमागे ३० ग्रॅम कार्ब मिळतात. साखर पहिल्यांदा काट्यावर मोजा, नंतर चमचे ठरवा. अंदाजाने टाकणाऱ्यांच्या हातून ती नेहमी १०० ग्रॅमच्या पुढे जाते आणि मग पोट दुखतं. हे पाणी पीत असाल तर पाकाच्या रेघा त्या प्रमाणात कमी करा.

ओआरएसबद्दल मोठा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. ते जुलाबात शरीरात पाणी टिकवण्यासाठी आहे, पळायला ताकद देण्यासाठी नाही. लिटरभर ओआरएस प्यायलात तरी कार्ब एका लहान केळाएवढेही मिळत नाहीत. शर्यतीनंतर खूप घाम गेला असेल तर ते छान. पुडी घेतली तर मागे लिहिलेलं प्रमाण वाचा, आणि एका लिटरची पुडी एका ग्लासात ओतू नका.

पोटरीत गोळा आला की ‘मीठ कमी पडलं’ म्हणतात. कधी ते खरं असतं, पण बहुतेक गोळे दमलेल्या स्नायूंचे असतात, सरावापेक्षा जोरात पळाल्याचे. बनियनवर पांढरे डाग पडत असतील तर मिठाकडे लक्ष द्या. नाहीतर थांबा, स्नायू हलके ताणा, वेग कमी करा.

जास्त पाणी पिणं कमी पिण्याहून धोकादायक ठरू शकतं. चार-पाच तास सावकाश पळणारे प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पितात. रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट, बोलण्यात गोंधळ, आणि वजन निघतानापेक्षा जास्त. अशा माणसाला ‘पाणी पाजा रे’ म्हणून आणखी पाणी पाजू नका, थेट दवाखान्यात न्या. उन्हाने गोंधळलेल्या माणसाला मात्र आधी सावलीत घेऊन अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला, मग गाडीत घाला. कोणतं आहे ते कळत नसेल आणि अंग तापलेलं असेल तर अंगावर पाणी चालतं, तोंडात नको.

दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, पळण्याआधी किंवा पळताना घेऊ नका. घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर आणि पोटाच्या अस्तरावर ताण आणतात.

आपल्या भागात एक तपासणी जास्त

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, प्रमाण मोठं आहे. एसएस पॅटर्नवाल्यांना (दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या रुग्णांना) बहुधा लहानपणीच माहीत असतं, आणि त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय शर्यतीत उतरू नये. प्रश्न एएस पॅटर्नवाल्यांचा, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्या वाहकांचा आहे. त्यांना एरवी काही त्रास नसतो, बऱ्याच जणांना आपला पॅटर्न माहीतही नसतो. पण उन्हात, अंगातलं पाणी कमी असताना, एकदम सगळा जोर लावला तर रक्तपेशी वाकड्या होऊन स्नायू तुटू लागतात, आणि क्वचित हे जिवावरही बेततं. भरतीच्या १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत नेमकी हीच परिस्थिती असते. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. एएस निघालं म्हणून पळणं बंद करायचं नाही. आदल्या दिवसापासून पाणी नीट, सराव हळूहळू वाढवलेला, ताप किंवा जुलाबात पळायचं नाही, आणि मांड्या-कंबर अचानक भरून आली, ताकद गेली, तर त्याच क्षणी थांबायचं. ‘आणखी एक राउंड मार’ म्हणणाऱ्या मास्तरांनाही हे आधी सांगून ठेवा.

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे वापरू नयेत, डोस आणि खाणं डॉक्टरांकडून जुळवून घ्यावं.

पळून झाल्यावर

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. मग तास-दोन तासांत किलोमागे एक ग्रॅम कार्ब आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. अर्ध्या तासातच खाल्लं पाहिजे हे दडपण दुसऱ्या दिवशी पुन्हा जोरात पळणाऱ्यांसाठी ठीक आहे. हौशी माणसाची टाकी दिवसभराच्या जेवणातून २४ तासांत बरीच भरते. मॅरेथॉननंतर त्याहून जास्त वेळ लागतो.

२० ग्रॅम प्रथिनं म्हणजे तीन अंडी आणि वर थोडं दूध, किंवा ९०-१०० ग्रॅम फुटाणे, किंवा अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त दूध, किंवा ४० ग्रॅम कोरड्या सोयावडीची भाजी. विदर्भात पिकलेलं सोयाबीन बाजारात जातं आणि त्याचीच प्रोटीन पावडर बनून महागड्या डब्यात परत येते. वडी किराण्यात सुटी मिळते. वरणभात खात असाल तर वरण घट्ट हवं. १०० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ २०-२५ ग्रॅमच असते.

आणि आता तर्री पोहे खा. पहाटे जे जे नाकारलं, तेल, तिखट, हरभरे, ते सगळं या प्लेटमध्ये आहे आणि आता ते चालतं. पोट ढवळत असेल तर आधी मीठ-साखर घातलेलं ताक, तासाभराने पोहे.

पाण्याची तूट सावकाश भरा. कमी झालेल्या प्रत्येक किलोला सव्वा ते दीड लिटर, चार-सहा तासांत, जेवणातल्या मिठासकट. एका दमात दोन लिटर प्यायलात तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. संध्याकाळपर्यंत लघवी फिकट पिवळी झाली की झालं. ती कोऱ्या चहाच्या रंगाची येत असेल, किंवा येतच नसेल आणि मांड्या दगडासारख्या झाल्या असतील, तर स्नायू तुटून त्याचा कचरा मूत्रपिंडात अडकत असतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.